क्लाउड दुसऱ्याचा, पहारा आपला

महापालिकेचा संगणकीय कारभार क्लाउडवर नेला, की नेटवर्कवर डोळा ठेवण्याची कटकट कायमची मिटते, असा एक युक्तिवाद गेली काही वर्षे मोठ्या आत्मविश्वासाने मांडला जातो. क्लाउड विकणारे तो मांडतात यात नवल नाही. विकत घेणारे अधिकारीही तो जसाच्या तसा म्हणून दाखवतात. सर्व्हर कंपनीचा, वीज कंपनीची, थंड हवा कंपनीची आणि रात्रपाळीचे अभियंतेही कंपनीचेच. मग पालिकेने आपला माणूस बसवून पाहायचे तरी काय? महाराष्ट्राने जानेवारी 2018 मध्ये सार्वजनिक क्लाउडचे धोरण जाहीर करून सरकारी खात्यांना त्या दिशेने वळवले, तेव्हापासून हा सूर अधिकच पक्का झाला. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. क्लाउडवर गेल्यानंतर देखरेखीचे काम वाढते, ते जास्त अवघड होते आणि ज्याचा नागरिक खिडकीपाशी ताटकळतो, त्यानेच ते करावे लागते. क्लाउड नको, असा याचा अर्थ कोणी काढू नये. 26 जुलै 2005 चा पूर ज्या भागाने पाहिला, तिथे तळमजल्यावरच्या खोलीत सर्व्हर ठेवण्यापेक्षा तो नीट बांधलेल्या डेटा सेंटरमध्ये असणे केव्हाही बरे. वाद सर्व्हर कुठे असावा याचा नाही. बिघाड कोणाला, कधी आणि कुठून दिसतो, याचा आहे.

हा वाद कल्याण-डोंबिवलीत घालायला खास कारण आहे. 2000 च्या आगेमागे या महापालिकेने नागरी सुविधा केंद्र उभे केले, कर, दाखले आणि परवाने संगणकावर आणले, आणि पुढे राज्याने तोच नमुना इतर शहरांसाठी उचलला. तेव्हाच्या रचनेत खिडकी आणि सर्व्हर यांच्यातले अंतर एका इमारतीचे, फार तर एका शहराचे होते. काम अडले तर जाणता माणूस खिडकीपासून सर्व्हरच्या खोलीपर्यंत वायर चाचपत जाऊ शकत होता. आज टिटवाळ्याकडच्या अ प्रभागातून किंवा डोंबिवली पश्चिमेच्या ह प्रभागातून एक पावती निघायची तर विनंतीचा प्रवास असा होतो: टेबलावरचा संगणक, कार्यालयातला स्विच आणि राउटर, स्थानिक इंटरनेट कंपनीची फायबर, त्या कंपनीचे मुख्य जाळे, क्लाउडची वेस, आतले आभासी नेटवर्क, भार वाटून देणारी यंत्रणा, अर्जाचे सॉफ्टवेअर आणि शेवटी डेटाबेस. पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा, पैसे स्वीकारणारा पेमेंट गेटवे आणि ओटीपी पाठवणारी एसएमएस यंत्रणा या आणखी वेगळ्या. यांतले कोणतेही एक अडले, तरी खिडकीतून उत्तर एकच मिळते: सर्व्हर डाऊन आहे. बिचारा सर्व्हर बहुतेक वेळा धडधाकट असतो.

गंमत अशी, की हा क्लाउड फार लांबही नसतो. ॲमेझॉनने आपला मुंबई विभाग जून 2016 मध्ये सुरू केला. मायक्रोसॉफ्टने त्याआधी, सप्टेंबर 2015 मध्ये, पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे केंद्रे उघडली. देशातल्या मोठ्या डेटा सेंटरांची एक रांग ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात उभी आहे, आणि हा पट्टा ठाणे तालुक्यातच येतो. पण नकाशावरचे अंतर आणि डेटाच्या पाकिटांचा मार्ग यांचा संबंध नसतो. कल्याणहून निघालेली विनंती महाप्याला पोचण्याआधी कोणकोणत्या कंपन्यांच्या हातांतून जाईल, हे त्या कंपन्यांचे आपसातले करार ठरवतात. ते बदलले की मार्ग बदलतो, आणि पालिकेला तसे कोणी कळवत नाही.

आता विक्रेत्यांच्या आवडत्या आकड्याकडे वळू. सेवा 99.5 टक्के वेळ चालू राहील, असे वचन ऐकायला भक्कम वाटते. तीस दिवसांच्या महिन्यात 720 तास असतात. त्यातला अर्धा टक्का म्हणजे 3 तास 36 मिनिटे. पण वर सांगितलेल्या साखळीतले पाचच दुवे घ्या, प्रत्येकाला हाच 99.5 चा दर्जा द्या आणि त्यांचे बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे धरा. पाचही एकाच वेळी चालू असण्याची शक्यता साडेसत्त्याण्णव टक्क्यांवर येते आणि महिन्यातले जवळजवळ 18 तास हातचे जातात. यात कोणीही वचन मोडलेले नाही. प्रत्येक कंपनी आपापल्या अहवालात उत्तीर्ण, आणि एकूण सेवा नापास. शिवाय सरासरीला वेळेचे भान नसते. रात्री तीन वाजताचे चार तास कोणाच्या लक्षातही येणार नाहीत. मालमत्ता कराच्या अभय योजनेच्या शेवटच्या दुपारचे चार तास शेकडो लोकांच्या खिशाला चाट लावतात. करारातला आकडा दोन्ही तासांना एकाच भावाने मोजतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: करारात दंड आहे ना, मग कंपनी आपोआप सरळ राहील. हा आक्षेप करार न वाचता घेतलेला असतो. मोठ्या क्लाउड कंपन्यांच्या सेवा-हमीत त्यांच्या वेशीबाहेरच्या इंटरनेटची अडचण स्पष्टपणे वगळलेली असते. म्हणजे डोंबिवलीतली फायबर तुटली, तर क्लाउडचा हिशेब कोरा. दुसरे असे, की भरपाई रोख मिळत नाही, पुढच्या बिलात सूट म्हणून मिळते, आणि तीही मागितल्याशिवाय नाही. ॲमेझॉनच्या अटींनुसार ग्राहकाने ठरलेल्या मुदतीत अर्ज करायचा, सेवा कोणत्या तारखेला आणि किती वाजता मिळाली नाही ते लिहायचे आणि आपल्याकडच्या नोंदी पुरावा म्हणून जोडायच्या. ज्या पालिकेने स्वतः काहीच मोजलेले नाही, ती जोडणार काय? दंडाचे कलम देखरेखीची जागा घेते असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की देखरेख नसेल तर ते कलम वापरताच येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक तांत्रिक आणि म्हणून अधिक फसवा आहे: कंपनीचा डॅशबोर्ड आम्हाला दिसतो, तिथे सगळे दिवे हिरवे असतात, आणखी काय पाहायचे? तो दिवा काय मोजतो, ते आधी पाहू. बहुधा तो क्लाउडच्या आतून आतल्याच यंत्राला विचारतो: आहेस का? ते म्हणते: आहे. या संभाषणात टिटवाळा कुठेच नाही. बाहेरून तपासायचे म्हणून कोणी पिंग करून पाहिले, म्हणजे एक छोटे पाकीट पाठवून उत्तर येते का ते पाहिले, तरी तेवढ्याने भागत नाही. विंडोजची साधी पिंग 32 बाइटचा मजकूर पाठवते. नेहमीच्या जाळ्यातले पाकीट 1500 बाइटपर्यंतचे असते; पण कार्यालय आणि क्लाउड यांच्यात सुरक्षित बोगदा, म्हणजे व्हीपीएन, टाकला की प्रत्येक पाकिटावर जादा वेष्टन चढते आणि आतल्या मजकुराला जागा कमी उरते. वाटेतल्या राउटरला पाकीट मोठे वाटले, तर त्याने तसा निरोप मागे पाठवावा अशी सोय नियमांतच आहे. मात्र सुरक्षेच्या नावाखाली फायरवॉलवर हे निरोप बऱ्याचदा सरसकट बंद केलेले असतात. मग पाठवणाऱ्याला कळतच नाही की आपले पाकीट गिळले गेले. परिणाम असा, की लॉगिनचे पान उघडते, नाव शोधले की सापडते, पिंगला उत्तर येते, दिवा हिरवा राहतो, आणि बांधकाम परवानगीचा नकाशा अपलोड करायला घेतला की चकती फिरत राहते. वास्तुविशारद म्हणतो साइट बंद आहे, कंपनी म्हणते चालू आहे, आणि दोघेही खरे बोलत असतात. हा बिघाड शोधायचा तर त्याच प्रभागातून, त्याच बोगद्यातून, वेगवेगळ्या आकारांची पाकिटे पाठवून पाहावे लागते. मुंबईतल्या, बंगळुरूतल्या किंवा सिएटलमधल्या पडद्यावर तो दिसणे शक्य नाही.

मार्गात थोडी पाकिटे गळत असतील, तेव्हाही असेच होते. शंभरातली एक-दोन पाकिटे हरवली तर माणसाला वाटेल, काय बिघडले? पण इंटरनेटवरचा बहुतेक व्यवहार ज्या टीसीपी पद्धतीने चालतो, ती पाकीट हरवणे म्हणजे रस्ता तुंबल्याची खूण समजते आणि आपला वेग कमी करते. फायबर बंद पडलेली नसते, ती आजारी असते. पावसात पाणी शिरलेल्या जोडामुळे दिवसेंदिवस असेच चालू राहू शकते. चालू की बंद एवढाच प्रश्न विचारणाऱ्या देखरेखीला हा आजार कळत नाही. तासातासाची गळती आणि विलंब नोंदवलेला आलेख असेल, तर दुपारी दोन वाजता वेग मंदावतो की पाऊस आला की मंदावतो, हे निदान करता येते. क्लाउडच्या आत शिरल्यावर तर जुनी हत्यारेही बोथट होतात. वाटेतला एकेक टप्पा दाखवणारे ट्रेसराउट क्लाउडच्या वेशीवर बऱ्याचदा नुसते तारांकित होऊन थांबते, कारण पुढचे जाळे आभासी आहे आणि मालक ते दाखवू इच्छित नाही. तिथे प्रवाहाच्या नोंदी, म्हणजे कुठून कुठे किती डेटा गेला याच्या नोंदी, आधीपासून चालू करून ठेवाव्या लागतात. बिघाड झाल्यावर चालू केल्या, तर मागचे काहीच हाती लागत नाही.

कंपन्यांच्या दिव्यांवर विसंबू नये, हे मी त्यांच्याच कबुलीवरून सांगतो. 28 फेब्रुवारी 2017 रोजी ॲमेझॉनची एस3 ही साठवण सेवा अमेरिकेच्या एका मोठ्या विभागात कोलमडली. एका आज्ञेतला तपशील चुकीचा टाइप झाला होता. त्या वेळी सेवांची तब्येत दाखवणारा फलक काही काळ बदलता आला नाही, कारण तो फलक चालवणारी यंत्रणा स्वतःच एस3 वर अवलंबून होती. 7 डिसेंबर 2021 रोजी त्याच कंपनीचे अंतर्गत जाळे तुंबले, आणि त्या तुंबण्याने अभियंत्यांच्या देखरेखीचाच डेटा अडला. कारण शोधायला वेळ का लागला, हे सांगताना कंपनीने ही गोष्ट लेखी नोंदवली. 4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री, आपल्याकडे नवाच्या सुमारास, फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास गायब झाले. देखभालीच्या एका आज्ञेने कंपनीच्या मुख्य जाळ्याच्या जोडण्या तोडल्या. अशी आज्ञा अडवणाऱ्या तपासणीच्या साधनातच दोष होता. आणि दुरुस्तीची साधने त्याच जाळ्यावर असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावे लागले. तिन्ही ठिकाणी पहारेकरी आणि मालमत्ता एकाच कुलुपात अडकले होते. जगातल्या सर्वांत सधन संगणक कंपन्यांचे असे होऊ शकते, तर त्यांच्या ग्राहकाने आपली मोजणी त्यांच्या कुलुपाबाहेर ठेवावी, ही अपेक्षा जास्त आहे का?

मग दोन लाइन घ्या, एक गेली तर दुसरी आहेच, असे सुचवणारे असतात. सूचना चांगली आहे, अपुरी आहे. 24 फेब्रुवारी 2021 रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराला सकाळी 11 वाजून 40 मिनिटांनी व्यवहार थांबवावे लागले आणि ते दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. बाजाराकडे दोन कंपन्यांच्या अनेक जोडण्या होत्या. त्या अस्थिर झाल्या, त्यामागे दोन केंद्रांदरम्यानच्या मार्गावरचे खोदकाम होते असे बाजारानेच सांगितले. शेअर बाजाराच्या बाबतीत हे घडते, तर कल्याण-शीळ रस्त्यावर, पत्री पुलाच्या परिसरात किंवा मेट्रोच्या कामांनी वर्षानुवर्षे उकरलेल्या घोडबंदर रस्त्यावर काय घडत असेल, याचा अंदाज करायला तज्ज्ञ नको. बेसुमार खोदकामामुळे देशाचे वर्षाला सुमारे 3 हजार कोटी रुपयांचे नुकसान होते, हा केंद्र सरकारचाच आकडा. त्यासाठी मार्च 2023 मध्ये खोदण्यापूर्वी कळवण्याचे एक ॲपही काढले गेले. दोन कंपन्यांच्या तारा एकाच चरातून गेल्या असतील, तर जेसीबीला त्यांच्यात भेदभाव करायचे कारण नाही. आणि त्या वेगवेगळ्या चरांतून गेल्या, तरी देखरेखीविना दोन लाइन असण्याचा एक छुपा धोका आहे. पहिली तुटते, दुसरी काम उचलते, खिडकी चालू राहते, म्हणून कोणाला काहीच कळत नाही. कळते ते दुसरी तुटल्यावर. तोवर पहिली तुटून महिना झालेला असतो.

माणसे कुठून आणायची, हा प्रश्न ठाणे जिल्ह्यात विचारणे मला विनोदी वाटते. ऐरोलीच्या माइंडस्पेसमध्ये, ठाण्यात पोखरण रस्त्याच्या आणि घोडबंदरच्या संगणक संकुलांत बसून परदेशी बँका आणि विमा कंपन्या यांची जाळी राखणारे लोक डोंबिवलीचीच लोकल पकडतात. साधनेही महाग नाहीत. नॅगिओस, झॅबिक्स, प्रोमिथियस ही देखरेखीची सॉफ्टवेअर मुक्त आहेत आणि वर्षानुवर्षे वापरून घासली गेली आहेत. कल्याण-डोंबिवलीच्या दहा प्रभाग कार्यालयांत दहा छोटी यंत्रे ठेवली, दर पाच मिनिटांनी प्रत्येकाने खरा व्यवहार करून पाहिला (पान उघडणे, मोठी फाइल चढवणे, डीएनएसला पत्ता विचारणे, सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत तपासणे), तर निम्मी कोडी आपोआप सुटतील. प्रमाणपत्राची मुदत ही क्षुल्लक बाब वाटत असेल, तर फेब्रुवारी 2020 मध्ये मायक्रोसॉफ्टची टीम्स सेवा नेमकी याच कारणाने काही तास बंद होती, हे आठवावे. कृत्रिम बुद्धिमत्ता हे सगळे आपोआप करील, असेही हल्ली सांगतात. करीलही, पण टिटवाळ्यात मोजणीचे यंत्रच नसेल, तर तिला टिटवाळ्याची माहिती मिळणार कुठून?

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा: बिघाडांच्या नोंदी जाहीर केल्या तर हल्लेखोरांना आयती माहिती मिळेल. अंतर्गत पत्ते, उपकरणांची नावे, फायरवॉलचे नियम जाहीर करावेत असे कोणी म्हणत नाही. कोणती सेवा, कोणत्या प्रभागातून, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत मिळाली नाही आणि कारण कोणत्या दुव्यात सापडले, एवढे सांगितल्याने चोराला काही कळत नाही; रांगेतल्या माणसाला ते आधीच कळलेले असते. उलट न पाहण्याने सुरक्षा कमी होते. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आणि नोंदी 180 दिवस जपायच्या आहेत. सहा तासांचे घड्याळ घटना लक्षात आल्यावर सुरू होते. ज्याचे लक्षच नाही, त्याचे घड्याळ कधी सुरूच होणार नाही, आणि कागदोपत्री तो नियम पाळणाराच ठरेल.

सार्वजनिक जाळ्याची देखरेख कशी असावी, याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. 12 ऑक्टोबर 2020 च्या सकाळी मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली हा सगळा पट्टा अंधारात गेला. गोष्ट पडघा आणि कळवा यांच्यातल्या 400 किलोव्होल्टच्या वाहिन्यांची होती. कोणती वाहिनी आधी बंद होती, कोणती नंतर गेली, हे पुढे मिनिटांच्या क्रमाने मांडता आले, कारण ऐरोलीला राज्य भारप्रेषण केंद्र आहे आणि जाळ्यावर नजर ठेवणे हेच त्याचे काम आहे. वीज नियामक आयोगाने स्वतःहून दखल घेतली. पुढे मार्च 2021 मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता बोलून दाखवली आणि केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक होती असे सांगितले. हा मतभेद निदान नोंदींच्या आधारे लढवता तरी आला. वीज कंपन्यांनी आपापले दिवे हिरवे असल्याचे सांगून विषय संपवला असता, तर ते कोणी ऐकून घेतले नसते. पालिकेच्या संगणकीय सेवांबाबत आपण नेमके तेच ऐकून घेतो. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली, दोन्ही शहरे 2016 मध्ये स्मार्ट सिटी योजनेत आली, नियंत्रण कक्ष उभे राहिले, त्यांच्या पडद्यांवर चौक आणि रस्ते दिसतात. त्यातला एक पडदा प्रभागांपासून क्लाउडपर्यंतच्या वाटेला द्यायला नवी इमारत लागत नाही.

हे चोचले नाहीत, कारण पालिकेच्या सेवांना आता कायद्याची मुदत आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 प्रमाणे अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत द्यावी लागते आणि विनाकारण उशीर झाला तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला 500 ते 5 हजार रुपयांचा दंड होऊ शकतो. दाखला अडला, कारण जाळे अडले होते, असे अधिकारी म्हणाला तर अपिलात ते खरे की खोटे, कसे ठरवायचे? नोंद असेल तर प्रामाणिक अधिकारी सुटतो आणि बहाणे करणारा सापडतो. नोंद नसेल तर दोघे सारखेच. म्हणून पुढच्या निविदेत दोन अटी घालाव्यात. सेवा चालवणाऱ्या कंपनीला तिच्या मोजणीचे काम देऊ नये. आणि महिन्याचे बिल मंजूर करताना कंपनीचा हिरवा अहवाल न धरता प्रभागांतल्या यंत्रांनी, कार्यालयीन वेळेत, नागरिकाच्या बाजूने घेतलेली नोंद धरावी. विक्रेते या दुसऱ्या अटीला कडाडून विरोध करतील. बोलीपूर्व बैठकीत तो विरोध कोण करते आणि कोणत्या शब्दांत, हे इतिवृत्तात लिहून ठेवावे.